कोऱ्या पत्राचे उत्तर

आईवडिलांस 'तीर्थरूप', इतर वडीलधाऱ्यांस 'तीर्थस्वरूप' आणि धाकट्यांस 'चिरंजीव', असा पत्राच्या मायन्याचा क्रम आमच्या लहानपणी शाळेत पाठ करून घेत असत. दिवाळीच्या सुटीत मामाला पत्र लिहावयास बसलो की तो उपयोगी पडे. परंतु वयाने लहान आणि अधिकाराने मोठा असा कोणी असेल तर त्यास काय लिहावे, हे काही शाळेत सांगितले नव्हते. सातशे वर्षांपूर्वी एक मोठा योगी नेमका याच अडचणीत सापडला, असे संतचरित्रे सांगतात. चांगदेव त्यांचे नाव. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांनी पत्र लिहावयास घेतले. आशीर्वाद लिहावा तर समोरचा मुलगा ज्ञानाने थोर. नमस्कार लिहावा तर तो विशीच्या आतबाहेरचा, आणि आपण चौदाशे वर्षांचे! मायनाच सुचेना, तेव्हा त्यांनी कागद कोराच पाठविला. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी दिलेले उत्तर पासष्ट ओव्यांचे आहे. मराठी वाङ्मयात ते 'चांगदेव पासष्टी' या नावाने प्रसिद्ध आहे.

या छोट्या काव्याविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. 'अनुभवामृता'तील अद्वैताचा हा अर्क आहे, असे त्याचे वर्णन बहुतेक ठिकाणी आढळते आणि ते योग्यच आहे. मी मात्र आज हे काव्य एका अगदी घरगुती प्रश्नापुढे ठेवून पाहणार आहे. तो प्रश्न आपणां सर्वांच्या तोंडी असतो: 'देवाचे करावेसे फार वाटते हो, पण वेळ कोठून काढायचा?'

हा प्रश्न मी चाळीस वर्षे विचारला. आमची आई तिन्हीसांजेस दिवा लावून हरिपाठ म्हणत असे. पुढे डोळे अधू झाल्यावरही तिचा नेम चुकला नाही. पुस्तक तिला लागतच नव्हते. 'एक दिवस माझ्याजवळ बसून ऐक रे,' असे ती कधीकधी म्हणे. मी म्हणत असे, 'निवृत्त झालो की रोज बसेन.' आई गेली. काही वर्षांनी मी निवृत्तही झालो. निरोपसमारंभाच्या दुसऱ्याच दिवशी मी एक चांगली जाड वही आणली आणि ठरविले की रोज पासष्टीची एक ओवी उतरवून काढावयाची व तिच्यावर मनन करावयाचे. पासष्ट दिवसांचे काम. चौदा महिन्यांनंतर ती वही पाहिली तेव्हा ती कोरी होती. वेळ नव्हता असे आता म्हणता येण्यासारखे नव्हते. सकाळी वर्तमानपत्र, मग मोबाइलवर तीच वर्तमाने पुन्हा, मग कोणी पाठविलेली सुविचारांची चित्रे, त्यांना हात जोडल्याची खूण, दुपारी चार चित्रफिती, त्यांत दोन प्रवचनेही. आणि संध्याकाळी दिवस कोठे गेला याचे आश्चर्य! अशा स्थितीत एके दिवशी चांगदेवांची आठवण झाली, आणि मनात आले की हा तर आपलाच माणूस. याच्याजवळही वेळ होता आणि कागदही होता.

चांगदेवांची कथा आपण ऐकत आलो ती गर्वहरणाची म्हणून. काळ येण्याची वेळ झाली की योगी समाधी लावून बसावयाचा; काळ हात हलवीत परत जावयाचा; असे करीत त्याने चौदाशे वर्षे काढली. मग वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन तो भेटीस निघाला, आणि चौघा भावंडांनी बसल्या भिंतीसह सामोरे जाऊन त्याचा गर्व उतरविला. कोरे पत्र पाहून मुक्ताबाईने, 'चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला,' असे म्हटल्याचे सांगतात. कीर्तनात या जागी हमखास हशा पिकतो. हे प्रसंग महिपतींसारख्या चरित्रकारांनी घराघरांत पोहोचविले, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि या हशाने आपला एक तोटा झाला. चांगदेव हा आपल्याला हसण्याचा विषय वाटू लागला आणि पासष्टी ही त्याला शिकविलेला धडा. मूळ काव्य हाती घेतले तर त्यात उपहासाचा मागमूस नाही. वाघ नाही, भिंत नाही, चौदाशे वर्षांचा टोमणाही नाही. पत्राच्या रीतीप्रमाणे ते 'स्वस्ति'ने सुरू होते, आणि सबंध पत्राचा सूर आपल्या बरोबरीच्या, किंबहुना जिवलग माणसाशी बोलल्यासारखा आहे. कोऱ्या कागदाची थट्टा करणे सोपे होते. कवीने ते केले नाही, ही या काव्याची मला जाणवलेली पहिली थोरवी.

गेल्या चैत्रात मी पुणतांब्यास गेलो. अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमधील, गोदावरीच्या काठचे हे गाव. दौंड-मनमाड लोहमार्गावर ते लागते, आणि शिर्डीस जाणारा फाटा येथूनच फुटतो. गाड्या भरभरून माणसे देवदर्शनास जातात, ती या स्थानकावरूनच. परंतु उतरणारे थोडे. येथे नदीकाठी चांगदेवांची समाधी आहे. ज्याने काळाला चौदाशे वर्षे फसविले असे म्हणतात, त्याने अखेर देह ठेवला तो येथे. मुक्ताबाईसारख्या लहानग्या मुलीला गुरू करून, कोऱ्या कागदावर जे लिहिता आले नाही ते आयुष्याने लिहून मगच ठेवला.

मी समाधीपुढे बसलो. मन शांत व्हावे अशी जागा. पण हात कधी खिशात गेला आणि मोबाइल कधी बाहेर आला, हे मला कळलेही नाही. छायाचित्र घेतले. ते नीट आले नाही म्हणून पुन्हा घेतले. तेवढ्यात एक शेतकरी आला. पन्नाशीचा असावा. पायांना पोटऱ्यांपर्यंत ओला चिखल. त्याने उंबऱ्याबाहेरच चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटून क्षणभर उभा राहिला आणि निघाला. मी विचारले, "रोज येता का?"

"रोज कुठलं जमतंय, बाबा," तो म्हणाला. "रातच्याला लाईट असती. दारं धरायला जावं लागतं. उजाडल्यावर घरला जाता जाता उभं राहायचं, एवढंच."

पाटाचे किंवा विहिरीचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवीत राहणे, याला आपल्याकडे दारे धरणे म्हणतात. रात्री वीज मिळणार म्हणून हा मनुष्य रात्रभर अंधारात पाण्याची दारे धरतो आणि सकाळी देवाच्या दारात उभा राहतो. याच गावाने शेतकऱ्यांच्या संपाची हाक दिली, आणि 1 जून 2017 रोजी सुरू झालेला तो संप महाराष्ट्रभर पसरला, हे वाचकांस स्मरत असेल. ज्याचा दिवस त्याच्या हाती नाही आणि रात्रही नाही, त्याला 'देवासाठी वेळ काढा' असा उपदेश करणे ही थट्टाच नव्हे काय? आणि ज्याच्याजवळ वेळ रिकामा पडला आहे असा मी, त्याच ओसरीवर बसून छायाचित्र बरे आले की नाही हे पाहत होतो. तेव्हा प्रश्न वेळेचा नाही, एवढे मला तेथे कळून चुकले. मग कशाचा आहे?

याचे उत्तर पासष्टीत शोधावयाचे तर ती पुन्हा आरंभापासून वाचली पाहिजे. पहिल्याच ओव्यांत ज्ञानदेव एक विलक्षण गोष्ट सांगतात. परमात्मा लपतो तेव्हा जग दिसू लागते, आणि तो प्रकट झाला की जगाचा आभास गिळून टाकतो. म्हणजे हा जो चोहोंकडे गलबला दिसतो, बाजार, कचेरी, स्वयंपाकघर, तो देवाच्या आड आलेला पडदा आहे असे आपण म्हणतो. कवी म्हणतो की त्या पडद्याचे सूतही तोच आहे. यानंतर दृष्टांतामागून दृष्टांत येतात. सोन्याचा दागिना झाला म्हणून सोनेपण उणे होत नाही. पाण्याने लाटांचा अंगरखा घातला तरी तो न उतरविताही पाणी उघडेच असते. परमाणूंचे ढीग पडले म्हणून पृथ्वीचे पृथ्वीपण हरवत नाही.

आता या दृष्टांतांकडे आपल्या घरगुती प्रश्नाच्या बाजूने पाहावे. 'वेळ काढणे' या शब्दप्रयोगातच एक समजूत दडलेली आहे. देव कोठे तरी दुसरीकडे आहे. आपण येथे कामात गुंतलो आहोत. कामातून थोडा वेळ कापून घेतला, तर तेवढ्यात तिकडे जाऊन येता येईल. ज्ञानदेव नेमके हे अंतरच नाकारतात. दागिन्याने सोन्याला भेटण्यासाठी सवड काढावी, यात जितका अर्थ आहे तितकाच त्यात. चांगदेवाची अडचणही हीच होती. तो मायना शोधत होता, म्हणजे दोघांतील अंतर मोजत होता: हा वर की मी वर? मोजणाऱ्याला चौदाशे वर्षे दिली तरी ती मोजण्यातच जातात. या काव्यात मिठाचा एक दृष्टांत आहे. मीठ पाण्याचा ठाव घेण्यासाठी आत शिरले. तेथे तेच उरले नाही, मग माप कोणी घ्यावयाचे? माझ्या मते पासष्टीचे मर्म या एका चित्रात आहे. मिठाला वेळ लागत नाही असे नाही. पण त्याला वेळ मोजता येत नाही.

एवढे मान्य केले तरी येथे एक धोका आहे, आणि समीक्षकाने तो दाखविलाच पाहिजे. सर्वच देव असेल तर मग वेगळे काही करावयास नको, कचेरीचे काम हीच पूजा, असे म्हणून आपण मोकळे होतो. 'कर्म हीच पूजा' हे वाक्य हल्ली भिंतींवर फार दिसते, आणि ते बहुधा दुसऱ्यांकडून काम करून घेणाऱ्यांनी लावलेले असते. सावता माळ्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला हे खरे. पण त्याने मळा पाहिला तोच विठ्ठल म्हणून पाहिला. आपण मळाही पाहत नाही. पासष्टीचा असा सोयीस्कर अर्थ लागू शकतो, ही तिची एक उणीव म्हटली पाहिजे. ते सिद्धाने योग्याला लिहिलेले पत्र आहे. चांगदेवाजवळ एकाग्रतेची साधना भरपूर होती, फक्त 'मी' विरघळावयाचा राहिला होता. आपल्याजवळ 'मी' शाबूत आहे आणि एकाग्रताही नाही. मधल्या ओव्यांत एकाच तत्त्वाचे दृष्टांत इतके दाट येतात की संसारी वाचकाला धरावयास काठ सापडत नाही.

तो काठ आपल्या संतपरंपरेत दुसरीकडे सापडतो. पुणतांब्याहून गोदावरी पुढे पैठणास जाते. तेथल्या एकनाथांची गोष्ट प्रसिद्ध आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना त्यांच्याकडे हिशेबाचे काम होते. एका रात्री एका पैचा मेळ लागेना. नाथ पहाटेपर्यंत जागले, चूक सापडली, आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. गुरूंनी एवढेच सुचविले की, एका पैसाठी जे चित्त लागले ते देवाकडे लागले तर? गुरूंनी हिशेबाला नावे ठेविली नाहीत, की रात्र फुकट गेली असेही म्हटले नाही. ते चित्त लागणे हीच शिष्याची पुंजी आहे, हे त्यांनी ओळखले. याच्या उलट उदाहरण या जिल्ह्यातच, राहुरीजवळच्या ताहाराबादचे. 'भक्तविजय'कार महिपती (1715–1790) गावचे कुलकर्णी होते. पूजेस बसले असता कचेरीचे बोलावणे आले, शिपाई उद्धटपणे बोलला. तेव्हा ते काम उरकून त्यांनी ठरविले की यापुढे ही लेखणी संतांच्या चरित्रांखेरीज कशासाठी चालणार नाही. 1762 साली 'भक्तविजय' पुरा झाला तो त्या निश्चयाचे फळ होय. एकाने कामातले चित्त देवाकडे वळविले. दुसऱ्याने कामच सोडले. परंतु कुलकर्णीपण सोडता येते. दारे धरणे सोडता येत नाही. म्हणून महिपतींचा मार्ग थोर असला तरी तो सर्वांचा नव्हे.

चित्ताच्या या भटकण्याचा विचार आपणच केला असे नाही. तुकोबांचे उत्तरायुष्य ज्या काळात पडते त्याच काळात फ्रान्समध्ये पास्काल नावाचा गणिती होऊन गेला. वडिलांकडे करवसुलीचे हिशेब असत. त्यांचा वेळ वाचावा म्हणून या मुलाने विशीच्या आतच, 1642 च्या सुमारास, बेरीज-वजाबाकीचे यंत्र बनविण्यास घेतले. वेळ वाचविणाऱ्या यंत्रांचा तो एक आद्य पूर्वज. आणि याच पास्कालने पुढे लिहून ठेविले की माणसाची बहुतेक दुःखे त्याला एका खोलीत स्वस्थ बसता येत नाही यातून उद्भवतात. यंत्राने वेळ वाचतो, स्वस्थता मिळत नाही, हे त्याला त्या काळीच दिसले होते. आपल्या खिशातले यंत्र त्याच घराण्यातले आहे. विकर्षणे नवी आहेत असे आपण म्हणतो. नवे आहे ते त्यांचे खिशात येऊन बसणे.

पासष्टीच्या शेवटाकडे एक चित्र आहे. ज्ञानदेव आणि चांगदेव हे जणू दोन डोळस आरसे आहेत. ते एकमेकांसमोर आले आणि परस्परांत पाहता पाहता भेदच नाहीसा झाला. जो कोणी या ओव्यांचा आरसा करील त्यालाही हे सुख मिळेल, असे कवी सांगतो. हे वाचताना मला खिशातला आरसा आठवला. तोही एका अर्थी डोळस आहे. आपण काय पाहतो हे तो पाहतो, आणि आपल्याला आवडेल तेच पुन्हा पुढे करतो. पण त्याच्यात पाहता पाहता 'मी' विरघळत नाही. उलट माझी आवड, माझे मत, माझा राग अधिकाधिक घट्ट होत जातो. दोन आरशांतला फरक मला एवढाच दिसतो, आणि तो लहान नाही.

आता त्या काठाविषयी. ज्ञानदेवांच्याच नावाने आपल्याकडे घरोघर म्हटला जाणारा हरिपाठ आरंभीच एक अगदी लहान मागणी करतो: देवाच्या दारात क्षणभर उभे राहा. पासष्टी म्हणते, भेट झालेलीच आहे. हरिपाठ म्हणतो, क्षणभर उभा राहा. या दोहोंत विरोध आहे असे मला पूर्वी वाटे. भेट झालेलीच असेल तर उभे कशाला राहावयाचे? पुणतांब्याच्या त्या शेतकऱ्याला पाहिल्यावर तो विरोध उरला नाही. तो क्षण देव मिळविण्यासाठी नसतो. ठाव घेणारे मीठ ज्या क्षणी ठाव घेणे विसरते, तो तो क्षण. तो लांबविण्याची गरज नाही. पण तो टाळलाही चालत नाही. पासष्टीला हरिपाठाची जोड दिली की तिची उणीव भरून निघते, आणि हरिपाठाला पासष्टीची जोड दिली की तो नुसता नेम राहत नाही. एकाच कवीच्या नावावर ही दोन्ही असावीत, यात आपल्या परंपरेचे शहाणपण आहे. योग्यासाठी पत्र, आणि आमच्या आईसाठी हरिपाठ. दोघांत थोर कोण, हा मायन्याचा प्रश्न झाला. तो सोडून द्यावा.

आणखी एक गोष्ट सांगून हे लिखाण पुरे करतो. पासष्टीत ज्ञानदेव चांगदेवांना लिहितात की तुझ्या भेटीसाठी माझा जीव उतावीळ झाला आहे, पण भीतीही वाटते की आधीच सिद्ध असलेली भेट या भेटीने विसकटेल. हे वाक्य मी अनेकदा वाचले होते. समाधीवरून परतल्यावर ते निराळे लागले. तेव्हा मला आईच्या बोलावण्याचा अर्थ कळला. तिला माझा वेळ नको होता. तिचा हरिपाठ माझ्यावाचून अडला नव्हता. ती म्हणत होती तेव्हा मी तिच्याजवळच होतो, शेजारच्या खोलीत, दहा पावलांवर. मी ती दहा पावले निवृत्तीच्या दिवसापर्यंत मोजत बसलो.

वही आता अगदी कोरी राहिलेली नाही. सात ओव्या उतरवून झाल्या आहेत. रोज एक असा हिशेब मी सोडून दिला आहे. तिन्हीसांजेस दिवा लागला की मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवतो आणि आईच्या जागेवर बसतो. कधी ओवी उतरते, कधी उतरत नाही. परवा धाकटी नात येऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "आजोबा, काय लिहिताय?" म्हटले, "एका पत्राचे उत्तर वाचतो आहे." तिने विचारले, "पत्रात काय लिहिलं होतं?" मी म्हणालो, "काही नाही." तिला ते पटले नाही; तरी ती दिवा शांत होईपर्यंत बसून होती.